क्लच पकडतो तिथे थांबायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लास संपला, लायसन्स मिळालं, पण एकट्यानं गाडी काढली की पहिल्या गिअरमध्ये ती आचके देऊन बंद पडते. चढावर मागे घसरते. मागच्यानं हॉर्न वाजवला की डावा पाय थरथरायला लागतो. सगळे ‘क्लच हळू सोडा’ म्हणतात, तुम्ही हळूच सोडता, तरी तेच. मग सरळ ऑटोमॅटिक घ्यावी का?

गाडी शिकवणं हा माझा कित्येक वर्षांचा व्यवसाय आहे, आणि ‘क्लच हळू सोडा’ या सल्ल्यानं नवशिके जितके गोंधळतात तितके दुसऱ्या कशानंही गोंधळताना मी पाहिलेले नाहीत. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. कुठे हळू, किती हळू आणि कुठे पाय अजिबात हलवायचा नाही, हे त्यात येतच नाही.

क्लचचं पेडल तळापासून वर येतं त्या प्रवासाचे तीन भाग असतात. पहिल्या भागात काहीच घडत नाही, तो तुम्ही झटकन सोडला तरी चालतो. मधली एक छोटी पट्टी असते, जेमतेम बोटभर रुंदीची, तिथे क्लच इंजिनाला पकडायला लागतो. त्यानंतरच्या भागात पुन्हा काही घडत नाही. बहुतेक नवशिके पहिला भाग जपून जपून सोडतात, तेवढ्यात पोटरी अवघडते, धीर सुटतो आणि नेमका त्या मधल्या पट्टीवर पाय उचलला जातो. म्हणजे सगळा संथपणा जिथे गरज नव्हती तिथे खर्ची पडतो. गाडी बंद पडते ती इथे.

असं का होतं ते एकदा आकड्यांत समजून घ्या, मग पायाला सांगणं सोपं जातं. गाडी उभी असते तेव्हा चाकं शून्यावर असतात आणि इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे मारत असतं. पहिल्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिनाचे सुमारे १४ फेरे होतात. गाडीगाडीप्रमाणे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. हिशेब केलात तर ८०० फेऱ्यांवर, क्लच पूर्ण सोडलेला असताना, गाडी ताशी ६ किलोमीटरच्या आसपास चालते. आता अडचण बघा. क्लच पूर्ण सुटला की इंजिन आणि चाकं एकमेकांना घट्ट बांधली जातात. गाडी अजून शून्यावर असताना ती बांधली गेली, तर एक तर गाडीनं क्षणात ६ चा वेग घ्यायला हवा किंवा इंजिनानं शून्यावर यायला हवं. टनभर वजनाची गाडी क्षणात वेग घेत नाही. मग इंजिन थांबतं.

शून्य ते ६ हे अंतर भरून काढायचं काम क्लचप्लेट करते. इंजिनाला जोडलेलं जड फ्लायव्हील फिरत असतं, त्याच्यावर प्रेशर प्लेट ही क्लचप्लेट दाबून धरते. अर्धवट दाब असेल तर प्लेट घासत, घसरत, थोडी थोडी ताकद पुढे देते. फिरत्या भोवऱ्याला बोट हलकं टेकवलं तर तो फिरत राहतो आणि बोटालाही ओढ जाणवते, बोट दाबलं तर तो मरतो. तसंच आहे हे. गाडीनं तो पहिला ताशी ६ चा वेग पकडेपर्यंत प्लेटला घसरू द्यायचं, म्हणजेच पाय त्या पट्टीवर स्थिर धरायचा. सपाटीवर याला दीड-दोन सेकंद लागतात. ‘हळू सोडा’ यापेक्षा ‘पकडला की थांबा, गाडी चालू लागली की मग उरलेला सोडा’ असं मी म्हणतो.

क्लासमध्ये हे तुम्हाला जमत होतं असं तुम्ही लिहिलंय. त्याचं एक कारण असू शकतं. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. घाईतला शिक्षक विद्यार्थ्याची गाडी बंद पडू नये म्हणून नकळत आपला क्लच दाबून धरतो. विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला जमलं. त्याचा पाय त्या पट्टीवर एकटा कधी उभाच राहिलेला नसतो. तुमच्या बाबतीत असंच घडलं असेल तर तुम्ही काही विसरलेला नाही, ते शिकायचंच राहून गेलंय.

आता सराव. सपाट, मोकळी जागा बघा, शेजारी गाडी नीट चालवता येणारं कुणी तरी बसवा आणि पहिला सबंध तास ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. क्लच तळापर्यंत दाबा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा, उजवा पाय ब्रेकवरून उचलून नुसता जवळ ठेवा. डाव्या पायाची टाच जमिनीवर टेकवा आणि चवड्यानं पेडल वर येऊ द्या. आता कान आणि बूड दोन्हीकडे लक्ष द्या. आधी इंजिनाचा सूर किंचित उतरतो. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा ८०० वरून थोडा खाली येतो आणि पुन्हा सावरतो. त्याच क्षणी सीटमधून एक बारीक कंप जाणवतो, आणि नीट बघितलंत तर बॉनेटचं टोक जरासं वर उचलल्यासारखं दिसतं. ही ती जागा. इथे पाय गोठवा. वर नको, खाली नको. सेकंदभरात गाडी आपोआप सरकू लागेल. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या इंजिनात आरपीएम पडायला लागले की संगणक स्वतःहून थोडं इंधन वाढवतो, म्हणून पेट्रोल असो वा डिझेल, सपाटीवर हे जमतं. गाडी माणसाच्या चालीनं जाऊ लागली की उरलेला क्लच अलगद सोडा. दोन गाड्यांच्या लांबीइतकं जा, क्लच-ब्रेक दाबून थांबा. पुन्हा करा. पुन्हा करा.

कंटाळवाणा सराव आहे आणि लोक तो टाळतात, त्यांना लगेच रस्त्यावर जायचं असतं. पण ॲक्सिलरेटर काढून घेतला की चूक झाकायला काही उरत नाही. भरमसाट रेस देऊन गाडी बंद न पडू देणं कुणालाही जमतं, फक्त त्यात प्लेट जळते आणि गाडी हिसका देऊन सुटते. इंजिनाच्या आवाजावरून पाय आपला आपण थांबायला लागला, तुम्हाला पट्टी शोधावी लागत नाही असं झालं, की मग ॲक्सिलरेटर आणा. क्रम लक्षात ठेवा: आधी थोडी रेस देऊन इंजिन १,२०० ते १,५०० च्या मध्ये स्थिर करायचं, मग क्लच पट्टीपर्यंत आणायचा. दोन्ही पाय एकाच वेळी उलटसुलट हलवायला गेलात की कुठल्या पायाचं काय चुकलं हेच कळत नाही. एक पाय स्थिर ठेवा, दुसऱ्यानं काम करा. दोन्ही एकत्र आपोआप मिसळतात, ते मुद्दाम करावं लागत नाही.

बसण्याबद्दल. माझ्याकडे आलेली एक मुलगी अगदी तुमच्यासारखीच हैराण होती. तिचा पाय बघितला तर टाच हवेत, मांडी स्टिअरिंगला लागेल इतकी वर. सीट इतकी पुढे होती की क्लच सोडताना गुडघ्याला जायला जागाच नव्हती, त्यामुळे शेवटी पाय सटकायचा. सीट दोन खाचा मागे घेतली आणि टाच टेकवली, तेवढ्यानं बंद पडणं निम्म्यावर आलं. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा, एवढं माप पुरे. पाय लहान असेल तर दाबताना टाच उचलली तरी चालेल, सोडताना मात्र ती टेकलेली हवी, कारण टेकलेल्या टाचेवरच चवडा बारीक हालचाल करू शकतो. पातळ, सपाट तळाचे बूट घाला. चप्पल नको. पायाखालची मॅट पेडलखाली सरकत नाही ना, हेही बघून घ्या.

चढ. चढावर भीती वाटते कारण ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे जाते आणि मग घाईत क्लच सुटतो. या घाईवरचा उपाय हँडब्रेक. हँडब्रेक ओढून ठेवा, बटण दाबून धरा पण सोडू नका. पहिला गिअर, १,५०० ते २,००० च्या आसपास स्थिर रेस, आणि क्लच पट्टीपर्यंत. क्लच पकडला की गाडीचा मागचा भाग किंचित बसतो, पुढचा उचलतो, इंजिनाचा आवाज भारी होतो. गाडीला जायचंय, हँडब्रेकनं अडवून धरलंय, हे स्पष्ट कळतं. त्यानंतरच हँडब्रेक खाली करा, डावा पाय तसाच ठेवून. गाडी एक बोटभरही मागे जाणार नाही. हँडब्रेक सोडल्यावर मागे गेली तर अर्थ एकच: क्लच अजून पकडला नव्हता. घाबरून पाय उचलू नका, हँडब्रेक पुन्हा ओढा आणि पहिल्यापासून करा. काही गाड्यांत हिल होल्डची सोय असते, ती ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवते. वापरा, पण आधी हँडब्रेकची रीत शिका, कारण दोन सेकंद संपले की गाडी मागे येतेच.

आणि चढावर सिग्नलला उभं असताना गाडी हाफ क्लचवर, म्हणजे अर्धवट पकडलेल्या क्लचवर, तोलून धरू नका. दिसायला ते कौशल्याचं वाटतं, खूप चालवलेले लोकही करतात, मला ते अजिबात पटत नाही. त्या वेळात प्लेट सतत घासत असते आणि सगळी ताकद उष्णता होऊन जाते. करपल्यासारखा उग्र वास आला तर समजा की प्लेट तापलीय. गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्या. थांबलात की हँडब्रेक, न्यूट्रल आणि डावा पाय क्लचवरून बाजूला. गाडी चालू असताना क्लचवर नुसता पाय टेकवून ठेवण्याची सवयही मोडा. पेडलवरच्या थोड्याशा वजनानंही क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग विनाकारण घासतं आणि प्लेटवरचा दाब कमी होतो. डावीकडे पाय ठेवायला जागा दिलेली असते, ती त्यासाठीच.

आता ज्या सवयीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती: थांबताना क्लच आणि ब्रेक एकत्र दाबणं. गाडी बंद पडायची धास्ती असलेला प्रत्येक नवशिका हे करतो, आणि तुमच्या वर्णनावरून तुम्हीही करत असणार. क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटं होतं. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला तर इंजिन स्वतः चाकांना रोखून धरत असतं, ती मदत तुम्ही टाकून देता आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. सपाट रस्त्यावर फारसं जाणवणार नाही. लांब उतारावर मात्र ब्रेक तापत जातात, आणि फार तापले की पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून उतारावर न्यूट्रल कधीही नको, क्लच दाबून घरंगळणं नको, आणि इंजिन बंद करणं तर नाहीच नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढाल साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये इंधन वाचतं हा समजही सोडा. इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

रोजच्या थांबण्यात आधी ब्रेक, आणि वेग ताशी १५-२० च्या खाली येऊन इंजिन कुरकुरायला लागलं की मग क्लच. अचानक कुणी आडवं आलं तर फक्त ब्रेकचा विचार करा, जीव लावून दाबा. इंजिन बंद पडलं तर पडू द्या.

गिअर वर चढवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साधारण १५ ला दुसरा, ३० ला तिसरा, ४५ ला चौथा, ६० च्या पुढे पाचवा. पण काही दिवसांत काटा बघणं सोडा आणि आवाज ऐका. पेट्रोल इंजिन २,००० ते २,५०० ला, डिझेल त्याहून थोडं आधी, पुढचा गिअर मागतं. वरच्या गिअरमध्ये वेग पडून इंजिन घरघरायला लागलं तर जोरात रेस देऊ नका, खालचा गिअर टाका. गिअरचा दांडा मुठीत आवळू नका. तळव्यानं ढकला, बोटांनी ओढा, मधे न्यूट्रलला क्षणभर थांबा. मधे सोडला की दांडा स्प्रिंगनं आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येतो, त्यामुळे दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना त्याला बाजूला लोटायची गरजच नसते. गिअर अडला तर जोर लावायचा नाही. क्लच सोडून, पुन्हा दाबून परत प्रयत्न करा. गिअर खरखर न करता बसावेत म्हणून आतमध्ये सिंक्रोनायझर असतात. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं ते पहिल्यांदा गाड्यांत आणले, त्याआधीच्या चालकांना प्रत्येक गिअरला फेऱ्यांचा मेळ स्वतः घालावा लागत असे. पण सिंक्रोनायझरला काम करायला अर्धा सेकंद लागतो, तो त्याला द्या. रिव्हर्सला तर बऱ्याच गाड्यांत सिंक्रोनायझर नसतोच, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही.

गिअर खाली आणताना मात्र सावध राहा. ताशी १०० ला पाचव्यात इंजिन २,८०० ते ३,००० च्या आसपास असतं. चौथा टाकायला गेलात आणि चुकून दुसरा पडला, आणि क्लच सोडला, तर त्याच वेगाला इंजिनाला ७,००० च्या पुढे फिरावं लागतं. इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर इथे वाचवत नाही. तो इंधन तोडतो, पण इंजिनाला फिरवत असतात ती चाकं. इंजिनाचं मोठं नुकसान होतं आणि पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर ती चाकं क्षणभर घसरूही शकतात. म्हणून गिअर उतरवल्यावर क्लच सोडताना पहिल्या बोटभर अंतरात इंजिनाचा आवाज ऐका. अपेक्षेपेक्षा जास्त किंचाळायला लागलं तर पाय लगेच परत खाली.

हॉर्नबद्दल. भर रस्त्यात गाडी बंद पडली तर एक ठरलेला क्रम लागतो, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. ब्रेक दाबून धरा. क्लच तळापर्यंत. गिअर न्यूट्रलला आणा. स्टार्ट करा. पहिला गिअर, पट्टी, थांबा, निघा. इंजिन बंद असताना ब्रेक सारखा दाबून-सोडून करू नका. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोनदाच पुरतो, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं. स्टिअरिंगही जड लागेल, त्यात बिघाड काही नाही. हा क्रम मोकळ्या जागेत मुद्दाम गाडी बंद पाडून घोटा. शांतपणे केला तरी सगळ्याला पाच-सहा सेकंद लागतात. मागचा माणूस तेवढं थांबू शकतो. हॉर्न वाजवून त्याला तुमचा पाय हलवता येत नाही, तो तुम्हीच घाबरून हलवता, आणि गाडी दुसऱ्यांदा बंद पडते ती बहुतेक वेळा त्यामुळेच. धोक्याचे दिवे लावले तर मागच्यांनाही कळतं आणि तुम्हालाही जरा उसंत मिळते.

राहिला ऑटोमॅटिकचा प्रश्न. गुडघा किंवा कंबर दुखत असेल, रोज तासन्‌तास गर्दीत मुंगीच्या गतीनं जायचं असेल, तर जरूर घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. पण केवळ गाडी बंद पडते म्हणून आज घेऊ नका. आधी वर सांगितलेला बिनॲक्सिलरेटरचा सराव काही दिवस करून बघा. तुमच्यासारख्या तक्रारी घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांची अडचण त्यातच सुटलेली मी पाहिलीय. तरीही ऑटोमॅटिकच घ्यायची ठरली, तर ट्रायलला बसताना डावा पाय मागे सीटजवळ ओढून घ्या. क्लच दाबायच्या सवयीनं तो ब्रेकच्या रुंद पेडलवर पडला तर गाडी भर रस्त्यात गचकन थांबते, आणि मागून येणाऱ्याला त्याची काहीच कल्पना नसते.